८२ देवमासे : हा आकडा येतो कुठून?

मागच्या लेखानंतर दोघातिघांनी साधारण एकच प्रश्न विचारला: समुद्री सस्तन प्राण्यांवर संशोधन करायचं तर नेमकं करतात काय, बोटीतून देवमासे बघत फिरतात का? फिरतात, पण बघण्याचा भाग फार थोडा असतो. देवमासा श्वास घ्यायला वर येतो, काही क्षण पाठ दिसते आणि पुन्हा खाली जातो. म्हणजे आपला अभ्यासविषय बहुतेक वेळ आपल्याला दिसतच नाही. तरी "ओमानच्या किनाऱ्यावर सुमारे ८२ हम्पबॅक देवमासे आहेत" असं एक वाक्य शोधनिबंधांत सतत सापडतं. हे ८२ कुठून आले ते आज बघू, कारण त्यात पीएचडीच्या मुलाखतीत विचारतात ते बरंच काही येऊन जातं.

आधी प्राणी समजून घ्या. जगभरातले हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात खातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात येऊन पिल्लं घालतात. अरबी समुद्रातले हम्पबॅक असं करत नाहीत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याशी खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर प्लवक वाढतात, त्यावर मासे. आपल्याला पाऊस देणारे तेच वारे तिथे देवमाशांचं ताट वाढतात. खाणं आणि प्रजनन एकाच समुद्रात होत असेल तर हजारो किलोमीटर जायचं कशाला? जनुकीय अभ्यासानुसार हा गट सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून वेगळा पडला आहे. आययूसीएनने २००८ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवलं.

हे वेगळेपण पहिल्यांदा ज्या माहितीवरून पटलं, तिचा उगम मात्र अस्वस्थ करणारा आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळच्या समुद्रात २४२ हम्पबॅक मारले. शिकार बेकायदा होती आणि लपवली गेली. पण जहाजांवर जीवशास्त्रज्ञ होते. त्यांनी पोटातलं अन्न पाहिलं, गर्भांची लांबी मोजली. युरी मिखालेव यांनी ही माहिती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. नोव्हेंबरमध्ये मारलेल्या माद्यांचे गर्भ उत्तर गोलार्धाच्या प्रजनन-वेळापत्रकाशी जुळत होते. म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते, त्यांचं घर इथेच होतं. शिवाय अनेकांच्या पोटात अन्न होतं. विदा कुठून आली हे माहीत असूनही ती वापरावी का, यावर वर्गात वाद व्हायला हवा असं मला वाटतं. माझं मत: वापरावी, पण ती कशी मिळाली ते प्रत्येक वेळी लिहावं.

आता मोजणी. हम्पबॅक खोल बुडी मारताना शेपटी पाण्याबाहेर काढतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग आणि कडेचे खाचखळगे प्रत्येकाचे वेगळे असतात, वाघाच्या पट्ट्यांसारखे. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर स्टीव्हन कटोना आणि सहकाऱ्यांनी अशा फोटोंची सूची करायला सुरुवात केली आणि ही पद्धत रुळली. पाठीवरच्या पराचा आकारही ओळखायला उपयोगी पडतो.

फोटो मिळाले की गणित सोपं आहे. समजा (आकडे काल्पनिक आहेत) पहिल्या हंगामात तुम्ही ४० वेगवेगळे देवमासे ओळखलेत. दुसऱ्या हंगामात ३० ओळखलेत, त्यातले १२ आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या नमुन्यात "ओळखीचे" ४० टक्के. हेच प्रमाण अख्ख्या समुद्रात असेल, तर ४० म्हणजे एकूण संख्येच्या ४० टक्के, म्हणून एकूण १००. सूत्र इतकंच: ४० गुणिले ३० भागिले १२. नमुना लहान असला की हे सूत्र जरा जास्त आकडा देतं, म्हणून चॅपमन यांची दुरुस्ती वापरतात: तिन्ही संख्यांत एक मिळवायचा आणि शेवटी उत्तरातून एक वजा करायचा. आपल्या उदाहरणात उत्तर ९७ च्या आसपास येतं. ओमानमध्ये २००० ते २००४ च्या छोट्या बोटींच्या सर्वेक्षणांवरून याच रीतीने ८२ आले, आणि ९५ टक्के विश्वास-अंतर होतं ६० ते १११. बातम्यांत ८२ येतात, ६० ते १११ गळून पडतात. तुम्ही लिहाल तेव्हा कंस गाळू नका.

गंमत सूत्रात नाही, गृहीतकांत आहे. पाठ केलेली गृहीतकं मुलाखतीत सगळेच म्हणून दाखवतात, "मोडलं तर आकडा वर जाईल की खाली?" असं विचारलं की शांतता पसरते. तर करून बघा. फोटो धूसर आला आणि जुना देवमासा तुम्ही नवा समजलात. १२ ऐवजी १० च जुळले. आता ४० गुणिले ३० भागिले १०, म्हणजे १२०. ओळखण्यातल्या दोन चुकांनी वीस देवमासे जन्माला घातले! आता उलट बघा. काही देवमासे बोटीजवळ बिनधास्त शेपटी दाखवतात, काही क्वचितच. मग तेच तेच "धीट" पुन्हा सापडतात, जुळण्या वाढतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. संख्या इतकी थोडी असताना हा फरक किरकोळ नाही. ओमानमध्ये ओळखलेल्यांपैकी अंदाजे ३० ते ४० टक्के देवमाशांच्या अंगावर जाळ्यात अडकल्याच्या खुणा दिसल्या आहेत. (हेही त्याच फोटोंतून कळलं. फोटो नीट जपून ठेवायचा असतो तो यासाठी, उद्याचा प्रश्न आज माहीत नसतो.)

तिसरं गृहीतक म्हणजे गट बंदिस्त आहे, बाहेर जाणं-येणं नाही. इथे लुबान येते. शेपटीवर झाडासारखी नक्षी असलेली ही मादी. अरबीत लुबान म्हणजे धूप, ऊद. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मसीरा आखातात तिला उपग्रह टॅग लावला. त्याआधी टॅग लावलेले देवमासे ओमान-येमेनच्या बाजूलाच राहिले होते. लुबान मात्र सरळ अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ पोहोचली, किनाऱ्याने दक्षिणेकडे भारताच्या टोकापर्यंत गेली आणि नंतर परतली.

एका मादीच्या प्रवासावरून "सगळे येतात" असं म्हणता येत नाही. पण "कोणीच येत नाही" हे खोडायला एकच पुरते. याचा ८२ शी संबंध काय? जे देवमासे अधूनमधून इकडे येतात पण ओमानलाही जातात, ते त्या मोजणीत कधीतरी सापडू शकतात. जे ओमानच्या सर्वेक्षणाच्या पट्ट्यात कधी जातच नाहीत, त्यांच्याबद्दल ८२ काहीच सांगत नाही. ते असतील तर मोजायचे आपल्या बाजूने.

आपल्या बाजूला बोटीतून शेपट्यांचे फोटो मिळवणं अवघड आहे: पावसाळ्यात समुद्र बंद, प्राणी विरळ, आणि दिवसाचं डिझेल परवडायला हवं. शिवाय देवमासे-डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्वचेचा नमुना किंवा टॅग म्हणजे आधी परवानगी आणि तिला लागणारे महिने. प्रस्ताव लिहिताना ते धरून चाला. म्हणून मला ध्वनीची वाट जास्त आशेची वाटते. हम्पबॅकचे नर गातात, आणि गोव्याजवळच्या समुद्रात पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी हे गाणं टिपलेलं आहे. ध्वनिग्राहकाला रात्र, धुकं, लाटा यांचं काही नसतं. पण माद्या गात नाहीत, म्हणजे लुबान त्यावरून गेली असती तरी गाण्याच्या नोंदीत ती उमटली नसती. शांत ध्वनिफीत म्हणजे रिकामा समुद्र असं धरता येत नाही. मग शांततेतून किती देवमासे धरायचे? प्रस्तावासाठी प्रश्न शोधत असाल तर हा अजून मोकळा आहे.