कुटुंबाच्या चारचाकीचे टायर बदलताना
— ऊस विकास अधिकारी



ऊसबिलाची रक्कम खात्यावर जमा झाली, की सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, घरातले लग्नकार्य या तिच्या वाटा आधीच ठरलेल्या असतात. त्यातून काही उरले तर दारातल्या गाडीकडे लक्ष जाते. "साहेब, गाडीला टायर टाकायचेत, कोणते घेऊ?" हा प्रश्न गटाच्या सभेत आणि लागणीच्या नोंदीला शिवारात गेल्यावरही हल्ली विचारला जातो. ऊस विकास खात्याचा हा विषय नव्हे, हे खरे. पण ट्रॅक्टरच्या टायरबद्दल आपला सभासद पंक्चरवाल्यालाच दोन गोष्टी शिकवील, आणि ज्या गाडीत बायका-पोरे, म्हातारे आईवडील बसतात तिच्यासाठी मात्र दुकानदार देईल तो टायर मुकाट्याने घेऊन येईल, असे दिसते. म्हणून हे चार शब्द.

शेतकऱ्याच्या घरची गाडी फार पळत नाही. आठवड्याचा बाजार, तालुक्याची कचेरी, दवाखाना, वर्षातून एखादी पंढरपूर-तुळजापूरची खेप. बाकी दिवस ती अंगणात उन्हात नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये उभी. पाच-सहा वर्षांनी बघावे तर टायरची नक्षी अजून ठसठशीत! मग आपण म्हणतो, टायर नव्यासारखा आहे, कशाला बदलायचा? इथेच घोटाळा होतो. रबर जसे झिजून संपते तसे वयानेही संपते. ऊन, उष्णता आणि हवा यांमुळे ते कडक होत जाते, बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि आतल्या दोऱ्यांच्या थरांची पकड सैल होते. वरून नक्षी शाबूत, आतून टायर म्हातारा. अशी गाडी लग्नाला सात माणसे भरून भर मे महिन्यात हमरस्त्याला लागली, की टायर दगा देतो.

तेव्हा टायरचे वय वाचायला शिकावे. टायरच्या बाजूवर डी.ओ.टी. ही इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे अक्षरे-आकड्यांची लांब ओळ असते. तिच्यातले शेवटचे चार आकडे तेवढे आपल्या कामाचे. १४२४ असेल तर २०२४ सालचा चौदावा आठवडा, म्हणजे एप्रिलची सुरुवात. एका बाजूला हे आकडे दिसले नाहीत तर दुसऱ्या बाजूला बघावे. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो वापरू नये, असा टायर बनविणाऱ्या कंपन्यांचाच सर्वसाधारण सल्ला आहे. आपल्याकडचे ऊन पाहता दहाव्या वर्षाची वाट बघत बसू नये, असे माझे मत. नवा टायर घेतानाही हेच चार आकडे आधी वाचावेत. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे आहे की नाही, हे आपण प्लॉटवर जाऊन बघतो. डोळा दिसला म्हणून जून बेणे कोणी घेत नाही. मग टायर घेताना वय का विचारू नये? सहा महिने, वर्षभरापूर्वीचा माल चालतो. दुकानदार भलतीच सवलत देऊ लागला तर तो टायर दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला नाही ना, याची खात्री करावी.

आता झिजेविषयी. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. काळ्या रानात आपण निचऱ्यासाठी चर काढतो, तेच काम या खाचा करतात. रस्त्यावरचे पाणी त्यांतून बाजूला फेकले जाते आणि रबर डांबराला टेकते. चर बुजला की पाण्याला वाट नाही. वेगातली गाडी पाण्याच्या थरावर तरंगते आणि मग ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंग ऐकते. नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्याला भिडली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने तिथे टायर संपला. पण पावसातली पकड त्याच्या बरीच आधी कमी होते. तीन मिलिमीटरवर आलेला टायर मृगाच्या आधी बदलावा हे उत्तम. ऊसबिलाचे पैसेही त्या सुमारास हाती असतात.

मापाच्या बाबतीत तरुण मंडळी फार हौशी असतात, म्हणून थोडे हिशेबाने सांगतो. समजा टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असे लिहिले आहे. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. १४ हा रिमचा इंचातला व्यास. पूर्ण चाकाची उंची आली सुमारे ६२० मिलिमीटर. स्विफ्ट गाडीच्या वरच्या प्रकारांना कंपनी १८५/६५ आर १५ देते. त्याचा हिशेब केला तर तोही ६२१ च्या आसपास येतो. रिम मोठी केली तेव्हा कंपनीने भिंत कमी केली आणि चाकाची उंची राखली. आपला गडी मात्र १४ च्याच रिमवर रुंद दिसतो म्हणून १८५/६५ चढवतो. चाक ५९६ वर येते, गाडी जवळजवळ १२ मिलिमीटर खाली बसते, शेताच्या वाटेवर पोट घासते आणि स्पीडोमीटर खरा वेग सांगत नाही. तेव्हा गाडीच्या पुस्तकात किंवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर जे माप दिले आहे तेच घ्यावे.

शेवटचा ८५ हा आकडा आपल्या लोकांनी विशेष बघावा. तो एका टायरच्या वजन पेलण्याच्या ताकदीचा. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर कधीही घेऊ नये. आपल्याकडे पाच जणांच्या गाडीत सात बसतात आणि डिकीत गव्हाचे पोते असते, हे टायरला कोणी सांगत नाही! टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. तेवढ्या वेगाने जायचे नसले तरी हे अक्षरही खालचे घेऊ नये.

रिमोल्ड टायर म्हणजे टायरचा खोडवा. जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेले. ट्रॉलीला, मालट्रकला चांगल्या ठिकाणाहून करून घेतलेला चालून जातो. पण कुटुंबाच्या गाडीला तो लावू नये. कारण मूळ सांगाडा किती जुना, त्याने किती खड्डे खाल्ले, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. खोडव्याची निदान मुळे तरी उकरून बघता येतात. पैसे कमी असतील तर चारऐवजी दोन टायर घ्यावेत, पण नवे घ्यावेत.

आणि दोनच घेतले तर ते मागच्या चाकांना लावावेत. हे बऱ्याच जणांना पटत नाही. स्टिअरिंग पुढे, बहुतेक गाड्यांना जोरही पुढे, मग नवे मागे कशाला? कारण असे की ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ पुढे जाऊ बघते. चालकाला कळते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि मग सराईत चालकाच्याही हातात काही राहत नाही. अर्थात, पुढे राहणारे जुने टायर मर्यादेतले हवेत. गोटा झालेले पुढेही नकोत. नवे टायर बसवताना व्हॉल्व्हही नवे टाकून घ्यावेत, बॅलन्सिंग-अलाइनमेंट करावे.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही," असा एक पक्का समज आहे. नेमके उलट होते. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते-उठते, आणि तार सारखी वाकवली की तापते तसा टायर आतून तापतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आहे. तिथे तासन् तास एका वेगाने गाडी पळते आणि टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. अशा प्रवासाआधी हवा गाडी थंड असतानाच तपासावी आणि दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली ठेवावी. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. टायरवर छापलेला दाबाचा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, रोज भरायचा नव्हे.

तोडणी झालेल्या फडात गाडी वळवण्याची सवय मात्र सोडावी. उसाचे तासलेले बुडखे भाल्यासारखे असतात आणि ते टायरच्या बाजूला लागतात. मधल्या पट्ट्यातले पंक्चर काढता येते. बाजूची चीर किंवा खड्ड्यात आपटून आलेला फुगा यांना दुरुस्ती नाही. पंक्चरवाला "काही होत नाही" म्हणाला तरी टायर काढून टाकावा.

खरेदी पक्क्या बिलावर करावी, कारण बिलाशिवाय वॉरंटी मागता येत नाही. टायरवर आय.एस.आय. चिन्ह असलेच पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्के, आणि ट्रॅक्टरच्या टायरवरील १८ वरून ५ टक्के झाला आहे. बिलात कोणता दर लावला आहे ते वाचावे. स्टेपनीचे वयही त्याच वेळी बघून घ्यावे. ती सहसा गाडीइतकीच जुनी निघते.

टायरवरचे आकडे लागत नसतील तर मोबाईलवर फोटो काढून गट कार्यालयात आणावा. आमचे शेतकी मदतनीस वाचून सांगतील.