पंप लपवू नका, डब्यासोबत न्या

आमच्या गटातल्या काही जणी दम्याचा पंप पदराआड लपवायच्या. म्हणायच्या, "सवय लागते." तसं नाही. पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून थोडंच पुरतं. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल, तर बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करू नका. धाप लागल्यावर घ्यायचा पंप डब्यासोबत शेतात न्या.

गाजर गवताच्या फुलोऱ्यानं त्रास वाढतो. ते फुलण्याआधीच, ओल्या मातीत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. मळणीची धूळ सोसत नाही, तिला आम्ही दुसरं काम देतो. रोज बुडत नाही.

पंपानंही दम ओसरला नाही, बोलता येईना, ओठ निळे पडले, तर लगेच १०८ला फोन करा.