पंखा फिरतो, पण पीसी उठत नाही!

आयटीत नोकरी लागली की एक जॉब प्रोफाइल आपोआप गळ्यात पडतं. ऑफर लेटरमध्ये त्याचा उल्लेख नसतो आणि अप्रेझलमध्ये त्याचे मार्क मिळत नाहीत. ते म्हणजे ‘घरातला कॉम्प्युटरवाला’! तुम्ही टेस्टिंगमध्ये असा, एचआरमध्ये असा नाहीतर पेरोलमध्ये... गावी पाऊल टाकलं की चहाआधी फर्मान सुटतं, ‘अगं, तो कॉम्प्युटर चालू होत नाहीये, बघ जरा!’

गेल्या गणपतीत गुहागरला हेच झालं. चुलतकाकांचं घर खालच्या पाटात. मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीपलीकडे थेट समुद्र. बीच हॉलिडेसाठी एकदम कूल! पण कॉम्प्युटरच्या तब्येतीला ही जागा अजिबात मानवत नाही. चार महिने धो धो पाऊस, हवेत खारटपणा आणि विजेचा लपंडाव. गंमत म्हणजे एन्रॉनचा गाजलेला वीज प्रकल्प याच तालुक्यातला, अंजनवेलचा. १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या नावाने उभा राहिला. पण काकांच्या घरी पावसाळ्यात कंदील अजूनही हाताशी असतो.

काकांच्या पीसीचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पंखा गरगरला. मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’ म्हणून मख्ख! चिपळूणच्या एका दुकानातून फोनवरच सल्ला आला होता, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ काकूंनी तो ऐकवला आणि काकांचा चेहरा पडला. कारण त्या डब्यात त्यांची नऊ वर्षं होती. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत!

गुहागरचा व्याडेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचं कुलदैवत. कोण कुठून आलं, कुठल्या शाखेचं, कोण देशावर गेलं, कोण अमेरिकेत स्थायिक झालं, हे सगळं काकांनी पत्रं पाठवून, फोन करून, माणसं गाठून जमवलेलं. त्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या आत्या-मावश्या आता हयात नाहीत. त्यांना पुन्हा कोण विचारणार? आणि बॅकअप? ‘तो काय असतो?’ इति काका.

फंडा नंबर एक : पंख्यावर जाऊ नका

पंखा फिरतोय म्हणजे मशीन जिवंत आहे, असं आपल्याला वाटतं. पण पंख्याला फक्त करंट लागतो, अक्कल नाही! बटण दाबल्यावर आधी एसएमपीएस मदरबोर्डला वीज पुरवतो आणि व्होल्टेज ठीक असल्याचा सिग्नल देतो. मग प्रोसेसर जागा होऊन बायॉस नावाचा छोटा प्रोग्राम चालवतो. तो रॅम, डिस्प्ले वगैरेंची हजेरी घेतो. हजेरी पूर्ण झाली की हार्ड डिस्क शोधतो आणि शेवटी कारभार विंडोजच्या हाती देतो.

म्हणजे पहिला प्रश्न हा, की गाडी नेमकी कुठल्या स्टेशनावर अडली? स्क्रीनवर काहीच येत नसेल तर घोटाळा हजेरीतच आहे. तिथे विंडोजचा संबंध नाही आणि फॉरमॅटचा तर मुळीच नाही. कंपनीचा लोगो येऊन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा मेसेज आला, तर हार्ड डिस्क, तिची केबल किंवा बायॉसचं सेटिंग तपासायचं. आणि विंडोजचा लोगो दिसून मग निळा स्क्रीन आला, तर सॉफ्टवेअर किंवा डिस्कवर संशय घ्यायचा. एवढं कळलं तरी निम्मं टेन्शन खल्लास!

आधी फुकटचे उपाय

मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच लावली आहे ना? एखादा पेन ड्राइव्ह अडकून राहिलाय का? बरेचदा बायॉस आधी त्याच्याकडेच धाव घेतो. मग प्लग काढा, पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेला करंट निघून जाईल. आता पुन्हा चालू करा.

आम्ही हे सगळं केलं. पीसी ढिम्म.

रॅम काढा, कान द्या

मग प्लग काढून कॅबिनेट उघडलं. आत लाल मुंग्यांची वसाहत आणि पालीची दोन अंडी! ब्रशने साफसफाई झाली. कपॅसिटरची टोकं फुगलेली नव्हती, हे नशीब. (२००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांना हा आजार फार होता.) कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवली आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून बटण दाबलं.

बीप... बीप... बीप!

काका दचकले, मी खूश! रॅम नाही म्हणून बोर्ड ओरडतोय, म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर शाबूत आहेत. बीपची भाषा बोर्डागणिक बदलते, पण अजिबात न ओरडणाऱ्या बोर्डापेक्षा ओरडणारा केव्हाही बरा. (तुमच्या बोर्डाला छोटा स्पीकरच नसेल, तर मात्र शांततेवरून निष्कर्ष काढू नका.)

आता आरोपी उरले दोन, रॅम किंवा तिचा स्लॉट. पट्टीच्या सोनेरी दातांवर दमट हवेने मळकट थर चढला होता. शाळेतला पांढरा खोडरबर घेऊन दात हलक्या हाताने पुसले, भुगा ब्रशने झटकला. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचा ओलावा आत जातो. मग एकच पट्टी ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवली. बटण दाबलं आणि स्क्रीन उजळला! काकूंनी तिथूनच बाप्पाला हात जोडले.

पिक्चर अभी बाकी है

लोगो आला, विंडोज सेव्हनचा लोगोही आला... आणि निळा स्क्रीन चमकून मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू! काका म्हणाले, ‘गेलं ना सगळं?’

गेलं नव्हतं. बायॉसमध्ये शिरून पाहिलं तर तारीख पार मागे, २००९ सालावर गेलेली. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. घड्याळ आणि सेटिंग्ज तो सांभाळतो. तो संपला आणि वीजही नसली की बायॉस सगळं विसरून फॅक्टरी सेटिंगवर जातो. या गडबडीत हार्ड डिस्कचा मोड ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर गेला होता. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलेलं असतं, त्याच मोडची त्याला सवय असते. मोड बदलला की ते गोंधळून निळं पडतं. बाजारातून पन्नास रुपयांच्या आत सेल आणला, मोड परत एएचसीआय केला, तारीख लावली. पुढच्या मिनिटाला काकांचा डेस्कटॉप समोर! वॉलपेपरवर व्याडेश्वराचं देऊळ.

चालू झालं? मग आधी कॉपी!

अशा वेळी गाणी लावायची नाहीत की अपडेट मारायचे नाहीत. पहिलं काम कॉपी. आणि इथे खास मराठी ट्विस्ट आहे. काकांनी सगळं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ! म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही उचलला, प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ केली आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलायचं काम चुलतभावाच्या गळ्यात मारलं. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक माझ्याबरोबर पुण्याला. घरातली प्रत आणि कॉम्प्युटर एकाच विजेने जाऊ शकतात, म्हणून एक प्रत गावाबाहेर हवीच.

कोकणातल्या पीसीसाठी थोडं पथ्यपाणी

पावसाळ्यातही आठवड्यातून दोनदा तासभर तरी मशीन चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा कमी होतो. भिंतीला चिकटवून ठेवू नका. कॅबिनेटची मागची रिकामी भोकं बंद करा, पाली आणि मुंग्या तिथूनच घुसतात. गडगडाट सुरू झाला की स्विच नव्हे, प्लगच काढा, आणि इंटरनेटची तांब्याची वायरही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जोरदार झटका शिल्लक असतो. हार्ड डिस्क ‘टिक टिक’ करत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, तज्ज्ञांकडे द्या. आणि विंडोज सेव्हनचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपलाय, तेव्हा असं मशीन नेटपासून दूरच बरं.

आता काका दर संकष्टीला पेन ड्राइव्हवर कॉपी करतात आणि मला फोन करून सांगतात, ‘झाला हो तुझा बॅकअप!’ कुलवृत्तांतात नव्या पिढीची पानंही सुरू झालीत. तुमच्याही गावाकडच्या कुठल्याशा डब्यात असंच कुणाचं तरी आयुष्यभराचं काम पडून असेल. पुढच्या ट्रिपला कपड्यांबरोबर एक पेन ड्राइव्ह आणि एक खोडरबर टाका बॅगेत!