नव्या फुफ्फुसाचा धोका रक्तात आधी दिसतो

अवयवदानाचे फॉर्म आपण शिबिरांत उत्साहाने भरून घेतो. पण प्रत्यारोपण झाल्यावर त्या रुग्णाचे पुढे काय होते, हे किती जण विचारतात? आम्हीही विचारत नव्हतो. फुफ्फुसाच्या बाबतीत तर खरी लढाई शस्त्रक्रियेनंतरच सुरू होते.

१९६३ साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यात डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसावर पहिले फुफ्फुस प्रत्यारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. आज रुग्ण अनेक वर्षे जगतात, तरीही पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांच्या नव्या फुफ्फुसाची क्षमता कायमची घटू लागते. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला परकेच समजते. यालाच रिजेक्शन म्हणतात. त्यात हा अवयव प्रत्येक श्वासागणिक बाहेरची धूळ आणि जंतू आत घेतो.

अडचण ही की हे कळते उशिरा. जोराने फुंकण्याच्या चाचणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, आकडा २० टक्क्यांनी घसरतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. दुर्बीण घालून बायोप्सी करतात, पण बिघाड सगळीकडे सारखा नसतो. चिमटा नेमका चांगल्या जागी पडला तर अहवालही चांगलाच येतो. रक्तस्रावाची भीती वेगळीच.

म्हणून शास्त्रज्ञ रक्तात खूण, म्हणजे बायोमार्कर, शोधू लागले. पेशी मेली की तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. दात्याचा डीएनए रुग्णाच्या डीएनएपेक्षा वेगळा, त्यामुळे दात्याचे तुकडे किती टक्के आहेत हे मोजता येते. ते काही तासांतच नाहीसे होतात, म्हणून हा आकडा जवळपास आजचीच स्थिती सांगतो. अमेरिकेतील शॉन अग्बोर-इनो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांच्यात हे प्रमाण सर्वाधिक होते, त्यांचे फुफ्फुस पुढे निकामी होण्याचा धोका सहापटीहून अधिक निघाला.

मग बायोप्सी बंद करायची का? नाही. संसर्गानेही पेशी मरतात आणि आकडा तसाच वाढतो. उपचार मात्र उलटे: रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते, संसर्ग असेल तर बहुधा तो दाब कमी करावा लागतो. इथे अंदाज चुकला तर रुग्णाच्या जिवावर बेतते. त्यामुळे आकडा वाढला की डॉक्टर दुर्बिणीने तपासतात, संसर्ग शोधतात. आकडा कमी आणि तब्येत ठीक असेल, तर एखादी बायोप्सी टळू शकते.