रविवार शाळा

रविवार शाळा म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या वतीने, बहुधा रविवारच्या उपासनेच्या आधी किंवा नंतर, मुलांसाठी चालवले जाणारे धर्मशिक्षणाचे वर्ग. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत या वर्गांना 'संडे स्कूल' किंवा 'शब्बाथशाळा' म्हणतात, तर कॅथलिक धर्मग्रामांत 'धर्मशिक्षणाचे वर्ग' हे नाव रूढ आहे. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. १८ व्या शतकातील इंग्लंडमध्ये या शाळा सुरू झाल्या, तेव्हा गरीब मुलांना वाचायला शिकवणे हे त्यांचे एक मुख्य काम होते. सरकारी शाळा आल्यावर ते काम संपले आणि श्रद्धेचे शिक्षण एवढेच त्यांच्याकडे उरले. मुलांना धर्माची माहिती द्यावी, त्यांना चांगले वळण लावावे की त्यांना श्रद्धेत वाढू द्यावे, हा प्रश्न त्यानंतर या चळवळीच्या मध्यभागी आला.

धार्मिक आधार

मुलांना श्रद्धा शिकवण्याचे कर्तव्य ख्रिस्ती परंपरेने यहुदी धर्माकडून घेतले आहे. बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांना सांगत राहण्याचा आदेश आहे. येथे शिक्षक आईवडील आहेत आणि शिक्षणाचे स्थळ घर आहे. नव्या करारात, लहान मुलांना येशूजवळ येऊ न देणाऱ्या शिष्यांना तो रागावतो आणि देवाचे राज्य अशांचेच आहे असे सांगतो, हा प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आला आहे. या दोन उताऱ्यांतून दोन विचार पुढे आले. पहिला, श्रद्धेचे शिक्षण हे रोजच्या जगण्याचा भाग आहे. दुसरा, मूल हे केवळ शिकवण घेणारे नसून श्रद्धेच्या बाबतीत ते मोठ्यांपुढे उदाहरण ठरू शकते.

पूर्वपीठिका

युरोपात १६ व्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात मुलांच्या धर्मशिक्षणाला पद्धतशीर रूप आले. मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये 'लघु प्रश्नोत्तरावली' प्रसिद्ध केली. कुटुंबप्रमुखाने घरातील मुलांना व नोकरांना ती साध्या रीतीने शिकवावी, अशी तिची रचना होती. कॅथलिक पक्षात कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो या धर्मगुरूने १५३६ मध्ये मिलान येथे रविवारी व सणाच्या दिवशी भरणारे धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू केले. प्रश्न आणि त्याचे ठरलेले उत्तर पाठ करणे ही या काळातील मुख्य पद्धत होती. पाठांतराने शिकवणीत एकसारखेपणा येई, परंतु उत्तर पाठ झाले म्हणजे ते मुलाला पटले असे होत नाही, ही अडचणही तेव्हापासूनच शिक्षकांपुढे आहे.

इंग्लंडमधील आरंभ

हॅना बॉल या मेथडिस्ट स्त्रीने १७६९ मध्ये हाय विकम येथे रविवारी मुलांचा वर्ग सुरू केल्याची नोंद आहे. मात्र चळवळीचे श्रेय सामान्यतः ग्लॉस्टरचे वृत्तपत्रमालक रॉबर्ट रेक्स यांना दिले जाते. त्या गावी टाचण्यांच्या कारखान्यांत मुले आठवड्याचे सहा दिवस राबत आणि रविवारी रस्त्यांवर मोकाट हिंडत. रेक्स यांनी थॉमस स्टॉक या धर्मगुरूच्या साहाय्याने १७८० मध्ये शाळा उघडली. तेथे शिकवणाऱ्या स्त्रियांना मेहनताना मिळे. आपल्या वृत्तपत्रातून त्यांनी १७८३ मध्ये या प्रयोगाची माहिती दिली आणि तो वेगाने पसरला. १७८५ मध्ये लंडनमध्ये विल्यम फॉक्स यांच्या पुढाकाराने संडे स्कूल सोसायटी, तर १८०३ मध्ये संडे स्कूल युनियन स्थापन झाली. १८३१ पर्यंत ब्रिटनमधील या शाळांत सुमारे १२.५ लाख मुले जात होती.

या शाळांत बायबल हे वाचनाचे पुस्तक होते आणि वाचन हा बायबलपर्यंत पोहोचण्याचा मार्ग होता. लेखनाबाबत मात्र वाद होता. चेडर येथे १७८९ मध्ये शाळा काढणाऱ्या लेखिका हॅना मोर गरिबांच्या मुलांना वाचन शिकवत, पण लेखन शिकवण्यास त्यांचा विरोध होता. पवित्र मानलेल्या दिवशी लेखन हे ऐहिक काम होय, असा आक्षेप मेथडिस्टांमधील एका गटाने घेतला. ज्या मुलांना रविवारखेरीज शिकायला दुसरा दिवसच नव्हता, त्यांच्या दृष्टीने हा वाद लहान नव्हता.

साक्षरतेकडून श्रद्धाशिक्षणाकडे

१८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये सार्वजनिक प्राथमिक शाळांचा पाया घातला. या कायद्यान्वये स्थापन झालेल्या शाळांत कोणत्याही एका पंथाची प्रश्नोत्तरावली शिकवण्यास मनाई होती. त्यामुळे अक्षरओळख सरकारी शाळेकडे गेली आणि पंथाची विशिष्ट शिकवण चर्चकडे राहिली.

अमेरिकेत १८७२ मध्ये एकसमान पाठमालेची पद्धत स्वीकारण्यात आली. तिच्यानुसार एका रविवारी सर्व वयोगटांतील विद्यार्थी बायबलमधील एकच उतारा अभ्यासत. स्वयंसेवक शिक्षकांना तयार साहित्य मिळू लागले आणि मूल एका गावाहून दुसऱ्या गावी गेले तरी पाठ खंडित होईना. परंतु पाच वर्षांच्या व पंधरा वर्षांच्या मुलाला एकच उतारा सारखाच कळतो काय, हा आक्षेप लवकरच पुढे आला आणि पुढे वयानुसार श्रेणीबद्ध पाठमाला तयार झाल्या.

श्रद्धा केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार

अमेरिकन धर्मपंडित होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ख्रिश्चन नर्चर' या ग्रंथात, मुलाला आधी पापी समजून पुढे कधीतरी त्याचे परिवर्तन होण्याची वाट पाहणे चुकीचे आहे, असे प्रतिपादन केले. आपण कधी ख्रिस्ती नव्हतो असे मुलाला आठवूच नये, अशा रीतीने ते घरात वाढावे, हा त्यांचा आग्रह होता. याउलट, प्रत्येक मुलाने स्वतः विश्वासाचा निर्णय घेतला पाहिजे, अशी भूमिका पुनरुज्जीवनवादी गटांनी घेतली. आजच्या वेगवेगळ्या पंथांच्या बालसेवेत हे दोन्ही प्रवाह दिसतात.

कॅथलिक चर्चमध्ये पोप दहावे पायस यांच्या काळात १९१० साली निघालेल्या आदेशाने प्रथम कम्युनियनचे वय साधारण सात वर्षांपर्यंत खाली आणले. ख्रिस्तप्रसादाची भाकर व साधी भाकर यांतील भेद ओळखण्याएवढी समज पुरेशी मानली गेली. संपूर्ण सिद्धान्त समजण्यापूर्वीही मूल श्रद्धेच्या जीवनात सहभागी होऊ शकते, हे या निर्णयात मान्य झाले.

रोममध्ये १९५४ मध्ये बायबलच्या अभ्यासक सोफिया कावालेत्ती आणि मॉन्टेसरी शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी 'उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण' ही पद्धत सुरू केली. तिच्यात लहान मुलांसाठी खास खोली असते. लाकडी मेंढ्या, मेंढपाळ, छोटी वेदी अशा वस्तू मुले स्वतः हाताळतात आणि शांतपणे विचार करतात. शिक्षक कमी बोलतो व निष्कर्ष सांगत नाही.

जॉन वेस्टरहॉफ यांनी १९७६ मधील 'विल अवर चिल्ड्रन हॅव फेथ?' या पुस्तकात वर्ग, पाठ्यपुस्तक व शिक्षक या शालेय साच्यालाच आव्हान दिले. त्यांच्या मते धर्माची माहिती वर्गात देता येते, श्रद्धा मात्र श्रद्धावंत समुदायात राहून, त्याची उपासना व सेवा यांत भाग घेऊन रुजते. २००५ मध्ये समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ व मेलिंडा डेंटन यांनी अमेरिकन किशोरवयीनांच्या अभ्यासावर आधारित पुस्तक प्रसिद्ध केले. चांगले वागावे, आनंदी राहावे आणि अडचण आली तर देवाकडे जावे, एवढाच अनेक मुलांचा धर्म उरला असल्याचे त्यांनी दाखवले. यांपैकी अनेक मुले चर्चमध्ये नियमित जाणारी होती.

माहिती, नीतिपाठ आणि श्रद्धा यांतील फरक

हा फरक एका परिचित कथेवरून स्पष्ट होतो. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढतो. माहितीवर भर देणारा शिक्षक गाव कोणते, झाड कोणते, असे प्रश्न विचारतो. नीतीवर भर देणारा शिक्षक लोकांना लुबाडू नये, हा बोध काढतो. कथेतील क्रम मात्र वेगळा आहे. येशू प्रथम त्याला नावाने हाक मारतो व त्याच्या घरी उतरण्याचे सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे वचन जक्कय त्यानंतर देतो. श्रद्धाकेंद्री अध्यापनात हा क्रम राखला जातो. स्वीकार आधी येतो आणि बदल त्यातून घडतो. क्रम उलटा झाला तर चांगले वागल्यासच देव जवळ करतो, असा समज मुलाच्या मनात राहतो.

वचने पाठ करणे, गाणी, अभिनयगीते, नाताळची नाटिका, उन्हाळी बायबल शिबिर आणि स्पर्धा ही या शाळांची प्रचलित साधने आहेत. बक्षिसे व करमणूक यांमुळे उपस्थिती वाढते. परंतु तीच आकर्षणाचे मुख्य कारण झाली, तर ती संपताच मुले येणे थांबवतात, अशी तक्रार धर्मशिक्षक करतात. म्हणून मुलांना मोठ्यांच्या उपासनेत स्थान देणे, आजारी किंवा एकाकी व्यक्तींच्या भेटीस नेणे, त्यांच्या शंकांना उत्तर पाठ असल्याप्रमाणे न बोलता प्रामाणिकपणे सामोरे जाणे, यांवर भर दिला जातो.

गोवा व महाराष्ट्र

फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आल्यावर घंटा वाजवीत रस्त्यांतून फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. थॉमस स्टीफन्स यांची गुरू व शिष्य यांच्या संवादरूपातील कोकणी प्रश्नोत्तरावली त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राचोल येथे छापली गेली. त्यांच्या १६१६ मधील मराठी 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीही असाच एक प्रसंग आहे. सासष्टीत मुलांना धर्मसिद्धान्त शिकवले जात असता एक ब्राह्मण येतो आणि पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचण्यासाठी काही ग्रंथ असावा, अशी इच्छा व्यक्त करतो. प्रश्नोत्तरांनी न भागणारी कथेची भूक येथे नोंदली गेली आहे.

महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले व पुढे अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. इंडिया संडे स्कूल युनियनची स्थापना १८७६ मध्ये अलाहाबाद येथे झाली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग व ओवी या वळणाची ख्रिस्ती गीते रचली. त्यामुळे मराठी मुलांच्या तोंडी परकीय चालींबरोबर मायबोलीची उपासना आली.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतही अज्ञान विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीविना त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. त्यामुळे श्रद्धेच्या शिक्षणाची जबाबदारी मुख्यतः घर व चर्च यांवर राहते.

टीका व मर्यादा

मूल स्वतः विचार करण्याच्या वयात येण्यापूर्वीच त्याच्यावर धर्म लादला जातो, हा रविवार शाळांवरील प्रमुख आक्षेप आहे. नरकाची भीती दाखवून घेतलेल्या निर्णयावर ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञांनीही टीका केली आहे. मुले ज्यांच्या स्वाधीन केली जातात त्या प्रौढांच्या वर्तनावर देखरेख असणे आवश्यक असून, भारतात २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा धार्मिक संस्थांनाही लागू आहे. आठवड्यातील एक तास घराची जागा घेऊ शकत नाही, ही मर्यादाही मान्य केली जाते. आईवडिलांनी मुलाला वर्गाच्या दारापर्यंत सोडून परत जावे, अशी पद्धत पडली की शाळा चालू राहते, परंतु जुन्या करारातील आदेशात अभिप्रेत असलेला शिक्षक तेथे नसतो.