लाईन गेल्यावर समुद्र

पहाटे ५.३०

परभणीपासून समुद्र चारशे किलोमीटर लांब, आणि आमच्या पुढच्या खोलीत चार फुटी टाकीत तीनशे लिटर खारं पाणी. उठल्यावर मी आधी मासे बघतो, मग मोबाइल. क्लाउनफिश काचेशी आले की रात्र नीट गेली. मोबाइलवर रात्रीचा आलेख असतो : तापमान २६.१, पीएच ८.०. पीएच पहाटे सगळ्यात खाली असतो, कारण रात्रभर टाकीतले सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो वापरायला प्रकाश नसतो. म्हणून टाकीखालच्या सम्पमध्ये शेवाळाचा वेगळा कप्पा केलाय. वरचा दिवा मालवला की त्याचा दिवा लागतो, उजाडलं की विझतो. त्याने रात्रीची घसरण बरीच आटोक्यात येते.

७.००

नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचं पाणी जड, त्यामुळे आरओ आणि त्यापुढे रेझिन लावल्याशिवाय टाकीत थेंब जात नाही. आरओ जेवढं गाळतं त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं. मराठवाड्यात हे मनाला लागतं. ते पाणी पिंपात साठवून फरशी आणि संडासाला वापरतो. पिंप भरलं की आरओचा व्हॉल्व्ह बंद होतो. घरात मी बसवलेलं पहिलं ऑटोमेशन हेच, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं.

बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, पोवळी कुठे आहेत? आमच्याकडे टणक प्रवाळ नाहीत. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून फोडून आणलेला खडकही मी घेत नाही. सिमेंटचे खडक ओतले, महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात मुरवले, मग टाकीत रचले. आता त्यांच्यावर जांभळं कवचशेवाळ चढलंय. मासे हॅचरीत वाढलेले. क्लाउनफिशची पैदास टाकीत करण्याचं तंत्र आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवलंय. मग समुद्रातून पकडून आणायचे कशाला?

१०.३०

जिंतूर रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. एक मामा पाच एचपीची जळकी मोटार घेऊन आले. “भाऊ, रात्री लाईन येती, अंधारात उठून जावं लागतं. ऑटोस्विच बसवून द्या.”

ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगत असतं, आणि ते खरं आहे. लाईन आली की डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात, दाब बसतो, आणि एक तर मोटार जळते नाही तर डीपी. मामांना मोबाइल स्टार्टर दिला. त्यात मोटार उठायची वेळ पुढे ढकलता येते, विहिरीत पाणी नसेल तर मोटार उठत नाही. टाकीचं वायरिंग करताना मी हाच धंदा डोक्यात ठेवला होता. यंत्र चालू असताना काय करेल हे कोणीही लिहितं. ते बिघडल्यावर काय करेल, हे आधी लिहायचं.

दुपारी १.००

बाहेर ४३ अंश. टाकी २६.८ वर पोचली की पाण्यावरचे दोन पंखे लागतात. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. मेमध्ये दिवसाला दहा लिटर उडतं, म्हणजे पावणेसात युनिट उष्णता. तेवढी काढायला पंख्यांना जेमतेम अर्धा युनिट लागतं. मुंबईच्या दमट हवेत हे जमणार नाही. आमच्या कोरड्या उन्हाळ्याने दिलेली ही सवलत आहे, आणि ती मी पुरेपूर घेतो.

पण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. दहा लिटर गेले की खारटपणा ३५ वरून ३६ च्या वर जातो. म्हणून पातळी उतरली की छोटा पंप गोडं पाणी सोडतो. त्याच्यावर तीन पहारे आहेत : एक ऑप्टिकल सेन्सर, त्याच्या वर साधा फ्लोट, आणि दोन मिनिटांच्या वर पंप चालूच द्यायचा नाही असा नियम. तिन्ही फसले तरी गोड्या पाण्याचा डबा वीसच लिटरचा ठेवलाय. सगळा रिकामा झाला तरी खारटपणा ३३ च्या खाली फारसा जात नाही, आणि मासे ते सोसतात.

२.२०

आईचा फोन. “अरे, लाईन गेली.” मोबाइलवरचा आलेख थांबला तेव्हाच कळलं होतं, पण आईने सांगितलं की बरं वाटतं.

खरी परीक्षा इथे असते. दिवा गेला तर चालतं, फेसातून घाण काढणारा स्किमर गेला तर चालतं. पाणी हलायचं थांबलं तर चालत नाही, कारण कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. म्हणून इन्व्हर्टरवर लाटा करणारा छोटा पंप आणि एक पंखा, एवढंच. इन्व्हर्टरही बसला तर बॅटरीचा एअर पंप आपोआप बुडबुडे सोडतो. मोठा पंप थांबल्यावर टाकीतलं थोडं पाणी सम्पमध्ये उतरतं. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी ठेवावी लागते, नाही तर फरशीवर समुद्र.

हे सगळे नियम टाकीजवळच्या ईएसपी३२ बोर्डातच लिहिलेत. रास्पबेरी पायवरचं होम असिस्टंट आलेख काढतं, फोनवर निरोप धाडतं. पण वाय-फाय, इंटरनेट, पाय, तिन्ही मेले तरी टाकीचं काम अडत नाही. परदेशातल्या सर्व्हरला विचारून उघडझाप करणारा प्लग मी पंपाला लावणार नाही. आमच्याकडे लाईन आणि नेट बरोबरच जातात.

४.५०

लाईन आली. बोर्ड लगेच काही करत नाही. पाच मिनिटं दाब स्थिर राहिला की आधी मोठा पंप, मिनिटभराने पाणी थंड करणारा चिलर, मग स्किमर. दिवा सगळ्यात शेवटी. तापमान तेवढ्यात २७.४ ला गेलं होतं, सातच्या आत २६.५ वर आलं.

७.३०

खाऊ घालणं हाताने. त्याचं यंत्र मिळतं, मी घेतलं नाही. कोण मागे राहतोय, कोणाच्या अंगावर पांढरा ठिपका आहे, हे खाताना दिसतं. बटण दाबलं की पंप दहा मिनिटं थांबतो आणि आपला आपण सुरू होतो. मग रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा, आणि थेंबांच्या किटने क्षारता : ८.४.

१०.००

दोन डीएस१८बी२० सेन्सरपैकी एक वर काढून हातात धरला. दोघांत एक अंशाहून जास्त फरक पडला की बोर्डाने कोणावरच विश्वास ठेवायचा नाही : हीटर बंद, पंखे चालू, भोंगा. भोंगा वाजला. सेन्सर परत पाण्यात सोडला.

जूनचा नियम आजच लिहायला घेतलाय. पाऊस लागला, हवा ओली झाली की पंख्यांनी पाणी उडत नाही, नुसती वीज जाते. खोलीची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर पंख्यांना बगल देऊन थेट चिलर. फक्त आर्द्रतेचा सेन्सर टाकीपासून लांब लावावा लागेल, जवळ धरला तर तो बारा महिने पावसाळाच दाखवेल. समोरच्या भिंतीवर उद्या खिळा मारतो.