स्पेसर विकण्याआधी माप विका



या वेळच्या व्हिडिओत चाक खोलून सगळं दाखवलंय. पण बघता बघता आकडे निसटतात, म्हणून इथे नीट लिहून देतोय. टायरचं किंवा ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं मनात असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. धंदा दुसरा असला तरी वाचा, कारण मुद्दा फक्त स्पेसरचा नाही.

आमचं मुरुड म्हणजे दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या किनाऱ्यावर येतात. रुंद अलॉय, टायर मडगार्डच्या बाहेर. ते बघून आपली पोरंही दुकानात येतात, "दादा, चाक जरा बाहेर काढून द्या ना!" गिऱ्हाईक स्वतः मागतंय, पैसे तयार आहेत, काम थोड्या वेळाचं. नवा दुकानदार नेमका इथेच फसतो.

आधी स्पेसर समजून घ्या

हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती म्हणजे स्पेसर. चाकावर ऑफसेटचा आकडा असतो, उदाहरणार्थ ईटी ४५. त्यामागे १० मिमीचा स्पेसर टाकला की ते चाक ईटी ३५ सारखं बसतं, म्हणजे १० मिमी बाहेर. दोन्ही बाजूंना टाकला तर गाडी २० मिमी रुंद झाली. दिसायला छान, पण बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. रिकामी गाडी दुकानात ठीक वाटते. पाच माणसं आणि सामान भरून घाटात वळली की टायर मडगार्डला घासतो.

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न: "कशासाठी हवाय?"

उत्तरं साधारण तीनच येतात.

१. "चाक थरथरतं." इथे स्पेसर लागतच नाही. स्विफ्टच्या हबचा मधला व्यास ५४.१ मिमी असतो. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक ७३.१ मिमी असतं, कारण एकच चाक अनेक गाड्यांना विकायचं असतं. मधली फट भरायला हब रिंग मिळते. आधी ती बघा, मग बॅलन्सिंग.

२. "चाक आत ब्रेकला किंवा सस्पेन्शनला लागतं." म्हणजे चाकाचा ऑफसेट चुकलाय. योग्य ऑफसेटचं चाक हा खरा उपाय. फट अगदी थोडी कमी पडत असेल तरच ३ ते ५ मिमीच्या स्पेसरचा विचार, तोही पुढचं माप जुळलं तर.

३. "दिसायला भारी पाहिजे." इथे तुमची खरी परीक्षा.

आटे मोजा

नट निदान स्टडच्या जाडीइतका तरी आत गेला पाहिजे, हा साधा नियम पाठ करा. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांचा स्टड १२ मिमी जाड, १.२५ पिचचा. म्हणजे जवळपास १० पूर्ण वेढे. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना पिच १.५, म्हणजे ८ वेढे. नट हाताने फिरवा आणि मोजा. ५ मिमीचा स्पेसर टाकला की १.२५ पिचवर ४ वेढे कमी झाले! वेढे कमी भरले तर लांब स्टड टाका, नाहीतर काम नाकारा. एका गाडीचे नट दुसरीला जबरदस्तीने चढवू नका, आटे जातात.

आणखी एक. साधी चकती हबची मधली कड गिळून टाकते. मग चाक त्या कडेवर नेमकं बसत नाही, फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी राहतं. म्हणून स्वतःची कड असलेलाच स्पेसर घ्या. २० ते २५ मिमीच्या जाड स्पेसरला स्वतःचे स्टड असतात. त्यात मूळ स्टडची टोकं बाहेर डोकावत असतील, तर ती चाकाच्या मागच्या खाचेत मोकळी बसतात का ते तपासा. नाहीतर चाक सपाट टेकणारच नाही.

आपल्या किनाऱ्याचं वेगळं गणित

गाड्या वाळूत उतरतात, खारं पाणी लागतं. ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि लोखंडी हब यांच्यात मीठ गेलं की गंज धरतो आणि स्पेसर चिकटून बसतो. म्हणून बसवण्याआधी हब वायरब्रशने स्वच्छ करा. गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तरी नंतर नट सैल होऊ शकतो. नट टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावरच आवळा. ५० ते १०० किमीनंतर गाडी पुन्हा बोलवा आणि तपासा. ही तपासणी फुकट द्या, गिऱ्हाईक यातूनच टिकतं.

कायदा माहीत हवा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचं काय? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष सेवा दिली किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही, आणि त्यातून नुकसान झालं, तर सेवा देणाराही जबाबदार धरला जातो. "त्यानेच मागितलं होतं" एवढं म्हणून सुटका होत नाही.

मग कमवायचं कसं?

समजा, स्पेसरच्या जोडीत तुम्हाला ५०० रुपये सुटतात. घाटात एक चाक निखळलं, तर माणसाचा जीव आणि दुकानाचं नाव, दोन्ही जातं. ५०० मध्ये यातलं काहीच परत येत नाही. त्यापेक्षा मोजणीचे पैसे घ्या. पीसीडी, मधला व्यास, ऑफसेट, आटे आणि मडगार्डची फट, ही पाच मापं छापील कार्डावर लिहून द्या. मग हब रिंग, योग्य नट, बॅलन्सिंग आणि गरज असेल तर बरोबर ऑफसेटचं चाक विका. ही सगळी रास्त कमाई आहे.

आणि तिसरं उत्तर देणारा पोरगा? त्याला कार्ड दाखवून सरळ सांगा, "हे मी बसवणार नाही, का ते यात लिहिलंय." काहीजण दुसरीकडे जातील, जाऊ द्या. आईवडिलांना घेऊन फिरणारा माणूस मात्र गाडी तुमच्याकडेच आणेल.

या आठवड्याचा गृहपाठ: एक व्हर्नियर कॅलिपर घ्या. ओळखीच्या पाच गाड्यांची वरची पाच मापं वहीत उतरवा. धंदा वेगळा असेल, तर लिहून काढा : गिऱ्हाईक मागतं, पण त्याच्या हिताचं नाही, असं तुमच्या दुकानात काय आहे? आणि त्याऐवजी तुम्ही काय द्याल?

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण मापात करा!